कॅशे क्लिअर करून हे सुटणार नाही : कॅलेंडर सिंकबद्दल आयटी विभागाला खुलं पत्र

प्रति,
आयटी विभागप्रमुख, हेल्पडेस्कवरची सगळी मंडळी,
आणि ज्यांच्या मंजुरीशिवाय यातलं काहीच हलणार नाही ते संचालक

विषय : आउटलुक, टीम्स, गूगल कॅलेंडर आणि झूम यांच्यात मीटिंगच्या वेळा न जुळण्याबाबत

स.न.वि.वि.

कंपनीचं नाव मी या पत्रात घेणार नाही. घ्यायची गरजही नाही, कारण हिंजवडी, खराडी, ऐरोली, ठाणे, जिथे जिथे मी हे गाऱ्हाणं सांगितलं तिथे ऐकणाऱ्याला ते आपल्याच ऑफिसचं वाटलं. म्हणून हेल्पडेस्ककडे तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, न टाकता उघड पत्र लिहिते आहे. तिकिटं टाकून झाली आहेत आणि ती सगळी रीतसर बंदही झाली आहेत. खाली शेरा ठरलेला : कॅशे (ॲपने मशीनवर साठवलेला तात्पुरता डेटा) क्लिअर केला, साइन आउट करून परत साइन इन केलं, युजरकडून खात्री करून घेतली, तिकीट क्लोज्ड. पुढच्या आठवड्यात तोच माणूस, तीच मीटिंग, नवा तिकीट नंबर.

हेल्पडेस्कवरच्या मुलांबद्दल माझी तक्रार नाही. ती रात्री उशिराही फोन उचलतात, मशीन रिमोटवर घेतात, नम्रपणे बोलतात आणि हातात आहे तेवढं सगळं करतात. पण त्यांच्या हातात आहे फक्त आमचा लॅपटॉप, आणि बिघाड लॅपटॉपमध्ये नाही. आपल्या कंपनीत खरं कॅलेंडर कोणतं, हे कुणी ठरवलेलंच नाही. ते ठरवण्याचा अधिकार हेल्पडेस्ककडे नाही, माझ्याकडे तर नाहीच नाही. तुमच्याकडे आहे.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. आपली मूळ कंपनी मायक्रोसॉफ्टवर : मेल आउटलुकमध्ये, कॉल टीम्सवर. बाणेरची कंपनी आपण घेतली ती गूगलवर : मेल जीमेलच्या कॉर्पोरेट खात्यात, तारखा गूगल कॅलेंडरात. क्लायंटपैकी निम्मे झूमशिवाय बोलत नाहीत. विलीनीकरणाच्या दिवशी केक कापला, नवे आयडी कार्ड दिले, वेबसाइटवरचा लोगो बदलला. कॅलेंडरं मात्र होती तिथेच राहिली. तात्पुरतं म्हणून दोन्हीकडच्या कोऑर्डिनेटरनी एकमेकींच्या मीटिंगा आपापल्या कॅलेंडरात हाताने टाकायला सुरुवात केली, आणि आपल्याकडे तात्पुरत्या गोष्टींचं जे होतं तेच याचं झालं.

मार्चमध्ये काय घडलं ते जरा सविस्तर सांगते, कारण त्यात सगळा रोग एका ठिकाणी दिसतो.

शिकागोच्या क्लायंटबरोबर आपला साप्ताहिक आढावा असतो. त्यांचे सकाळचे आठ, आपले संध्याकाळचे साडेसात, जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या टीमचे दुपारचे तीन. इनव्हाइट शिकागोहून आलेलं, म्हणजे मीटिंग शिकागोच्या घड्याळाला बांधलेली. या वर्षी, २०२६ मध्ये, अमेरिकेची घड्याळं ८ मार्चला एक तास पुढे गेली. युरोपची गेली २९ मार्चला. आपली कधीच जात नाहीत. त्यामुळे मधल्या तीन आठवड्यांत तीच मीटिंग आपल्याकडे साडेसहाला आणि स्टुटगार्टला दोन वाजता आली. २९ तारखेनंतर स्टुटगार्टवाले परत तीनवर गेले, आपण साडेसहावरच राहिलो.

हे गणित आउटलुकने बिनचूक केलं. ज्यांच्याकडे शिकागोचं मूळ इनव्हाइट होतं ते साडेसहाला हजर झाले. बाणेरच्या टीमच्या कॅलेंडरात मात्र ती मीटिंग कुणीतरी हाताने टाकलेली होती, भारतीय वेळेत, दर मंगळवारी साडेसात. गूगलनेही आपलं काम बिनचूकच केलं : सांगितलं होतं तसं साडेसात दाखवत राहिलं. परिणामी अर्धी टीम कॉलवर, अर्धी चहाच्या टपरीवर, आणि क्लायंट विचारतोय की तुमचे डिझाइनचे लोक कुठे आहेत. त्यावर जे तिकीट पडलं त्याचा निकाल काय लागला? बाणेरच्या दोघांच्या मशीनवर टीम्स अनइन्स्टॉल करून परत टाकलं. दोन्ही ॲप बरोबर असताना!

आता यामागचं यंत्र कसं चालतं ते मांडते. तुम्हाला हे माहीत आहे, पण ज्यांनी निर्णय घ्यायचा त्यांना ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये मुळात निमंत्रणं जाऊ-येऊ शकतात ती आयकॅलेंडर नावाच्या एका समाईक मानकामुळे. ते १९९८ साली ठरलं आणि २००९ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झालं. मेलला जोडून येणारी ती छोटीशी आयसीएस फाइल म्हणजे त्याचंच रूप. तिच्यात प्रत्येक मीटिंगचा एक कायमचा ओळख क्रमांक असतो, आणि कितवी दुरुस्ती आहे त्याचा वेगळा आकडा असतो. ऑर्गनायझरने, म्हणजे मीटिंग लावणाऱ्याने, वेळ बदलली की तोच ओळख क्रमांक आणि वाढलेला दुरुस्तीचा आकडा घेऊन नवा निरोप सगळ्यांकडे जातो, आणि समोरचं कॅलेंडर जुनी नोंद शोधून ती बदलतं. मूळ प्रत एकच, ऑर्गनायझरची. बाकी सगळ्यांकडे तिच्या नकला.

म्हणूनच हाताने टाकलेली नोंद कधीच सुधारत नाही. तिचा ओळख क्रमांक वेगळा, तिचा मूळ मीटिंगशी कसलाही संबंध नाही. व्हॉट्सॲपवर इनव्हाइटचा स्क्रीनशॉट फिरवला तर ओळख क्रमांकही नाही. आणि आपल्या ऑफिसात मीटिंग कळवायचा सगळ्यात लोकप्रिय मार्ग आजही तो स्क्रीनशॉटच आहे, हे तुम्ही मान्य कराल.

हा झाला एक मार्ग, मेलमधून जाणाऱ्या निमंत्रणाचा. दुसरा मार्ग फीडचा : कुणीतरी आपलं कॅलेंडर लिंकच्या रूपात प्रसिद्ध करतं आणि आपण त्या लिंकला सबस्क्राइब करतो. तिसरा मार्ग खात्यांच्या थेट जोडणीचा : झूमला आपण आपल्या आउटलुक किंवा गूगल खात्यात शिरायची परवानगी देतो आणि ते परस्पर नोंदी वाचतं, लिहितं. तिन्हींना आपण सरसकट सिंक म्हणतो. तिन्ही बिघडतात वेगवेगळ्या कारणांनी, आणि तिन्हींवर आपल्याकडे औषध एकच दिलं जातं.

फीडचंच बघा. गूगल कॅलेंडरात बाहेरचं कॅलेंडर लिंकने जोडलं तर त्यातला बदल दिसायला बारा तासांपर्यंत लागू शकतात, असं गूगलचीच मदतपानं सांगतात. आउटलुकच्या बाबतीत मायक्रोसॉफ्ट सांगतं की बदल साधारण दर तीन तासांनी यायला हवेत, पण चोवीस तासांहून जास्तही लागू शकतात. म्हणजे सकाळी दहाला हललेली मीटिंग दुपारी तीनला जुन्याच जागी दिसली, तर त्यात काहीही बिघडलेलं नाही. ते साधन सुट्ट्यांच्या यादीसाठी ठीक, त्याच दिवशी हलणाऱ्या मीटिंगांसाठी नाही. तरीही बाणेरच्या मॅनेजरांचं वेळापत्रक आम्हाला दिसावं म्हणून तुम्ही दिलेला उपाय हाच होता. त्यानंतर आम्ही ‘सिंक होत नाही’ म्हणून ओरडत बसलो आणि तुम्ही कॅशे क्लिअर करत बसलात.

सुट्ट्यांच्या यादीवरून आठवलं. सबस्क्राइब करणं आणि इम्पोर्ट करणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इम्पोर्ट म्हणजे त्या क्षणाची प्रत, पुढे मूळ यादीत काय झालं याचा तिला पत्ता नसतो. २०२४ मध्ये अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. विसर्जन मिरवणूक आणि ईदचा जुलूस लागोपाठ येऊ नयेत म्हणून राज्य सरकारने मुंबई शहर आणि उपनगरांसाठी ईद-ए-मिलादची सुट्टी १६ तारखेवरून १८ ला नेली. २०२५ मध्येही तसंच झालं, ५ सप्टेंबरची सुट्टी ८ ला गेली. एचआरने दोन्ही वेळा आपली यादी तत्परतेने बदलली. पण मुंबई ऑफिसातल्या ज्यांनी वर्षाच्या सुरुवातीला ती फाइल इम्पोर्ट करून घेतली होती, त्यांच्या कॅलेंडरात जुनीच तारीख राहिली, आणि खऱ्या सुट्टीच्या दिवशी त्यांना मीटिंगा लागल्या. एचआरच्या मेलमध्ये ‘सोबतची फाइल इम्पोर्ट करा’ असं लिहिलेलं असतं. ‘या लिंकला सबस्क्राइब करा’ असं लिहायला किती वेळ लागतो?

आता निमंत्रण दिसतच नाही, ही तक्रार. बाणेरहून ती सर्वात जास्त येते. ‘आउटलुकवाल्यांनी पाठवलं म्हणतात, माझ्या कॅलेंडरात काहीच नाही.’ गूगल कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये एक ओळ असते : आलेली निमंत्रणं कॅलेंडरात कधी टाकायची. सगळ्यांकडून आलेली, फक्त ओळखीच्या पाठवणाऱ्यांकडून आलेली, की मेलमध्ये उत्तर दिल्यावरच, असे तीन पर्याय आहेत. मधला पर्याय निवडलेला असेल तर ज्या पत्त्याशी पूर्वी कधी मेलामेली झालेली नाही, जो संपर्कयादीत नाही आणि आपल्या संस्थेतलाही नाही, त्याचं निमंत्रण मेलमध्ये पडून राहतं, कॅलेंडरात चढत नाही. आणि गूगलच्या हिशेबी आपण बाणेरच्या संस्थेतले नाही. आपलं डोमेन, म्हणजे मेलपत्त्यातला @ नंतरचा भाग, वेगळं. केक कापला हे गूगलला कुणी सांगितलेलं नाही. उलट बाजूला आउटलुकमध्ये निमंत्रण स्वीकारण्याआधीच टेंटेटिव्ह (अजून नक्की नाही) म्हणून कॅलेंडरात बसतं, त्यामुळे आपल्या लोकांना कळतच नाही की समोरच्याला ते दिसत का नाही. दोघंही एकमेकांना निष्काळजी समजतात. हा अबोला एका सेटिंगमुळे आहे.

वेळेच्या चुकांबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. तिकीट आलं की पहिला प्रश्न ‘कोणतं व्हर्जन आहे’ हा न विचारता ‘फरक नेमका किती तासांचा आहे’ हा विचारा. फरकच रोग सांगतो. बरोबर एका तासाचा फरक असेल तर अमेरिका किंवा युरोपची घड्याळं हललेली असतात, आणि कुणाची तरी नोंद हाताने टाकलेली किंवा चुकीच्या देशाच्या वेळेला बांधलेली असते. साडेपाच तासांचा फरक असेल तर वाटेत कुठेतरी टाइमझोन गळून पडलाय आणि वेळ जागतिक प्रमाणवेळेत वाचली जातेय. विंडोजच्या जगात आपल्या वेळेचं नाव ‘इंडिया स्टँडर्ड टाइम’, बाकीच्या बहुतेक जगात ‘आशिया/कोलकाता’, आणि एखादं जुनं उपकरण या दोघांची गाठ घालू शकलं नाही की असं होतं. आणि पूर्ण दिवसाची रजा समोरच्याला दोन दिवसांवर पसरलेली दिसत असेल, तर ती जुन्या आउटलुकची सवय आहे. ते पूर्ण दिवस म्हणजे इथल्या मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंतचा काळ असं धरतं. आपली मध्यरात्र म्हणजे शिकागोत आदल्या दिवसाची दुपार. म्हणून माझी शुक्रवारची रजा तिकडे गुरुवार-शुक्रवार अशी दिसते, आणि गुरुवारी मी कामावर असताना मला कुणी विचारत नाही. (याबद्दल माझी तक्रार नाही.)

जाता जाता : भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली तरी मुंबईने स्वतःची, ३९ मिनिटं मागे असलेली वेळ त्यानंतर कित्येक वर्षं सोडली नव्हती. दोन घड्याळं घेऊन जगायची आपल्याला सवय जुनी आहे. फक्त तेव्हा कोणतं घड्याळ कुठलं ते लोकांना ठाऊक असायचं.

टीम्सचं बटण आउटलुकमधून गायब होण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण यात हेल्पडेस्क खरोखर तरबेज आहे. जुन्या आउटलुकमध्ये ते बटण एका ॲड-इनमुळे, म्हणजे वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममुळे, येतं. आउटलुकला ते सुरू व्हायला फार वेळ लावतंय असं वाटलं की ते परस्पर बंद करून टाकतं. ते परत चालू करून कायम चालू राहील अशी धोरणपातळीवर सोय करणं तुमच्या हातात आहे, प्रत्येकाच्या मशीनवर जाऊन टिकमार्क करायची गरज नाही. आणि नव्या आउटलुकमध्ये त्या जातीची ॲड-इन चालतच नाहीत. तेव्हा ‘नवं आउटलुक वापरून बघा’ असं आम्हाला सुचवताना आमच्या खरेदी विभागाचं जुनं बुकिंगचं ॲड-इन त्याबरोबर जाणार, हेही सांगत चला.

झूमची गोष्ट जरा नाजूक आहे, कारण इथे तुमची बाजू मला पटते. झूमला कॅलेंडर जोडायला गेलं की पडद्यावर येतं : ॲडमिनची मंजुरी लागेल. आम्ही वैतागतो. पण ती परवानगी म्हणजे कॅलेंडरातला प्रत्येक विषय, प्रत्येक नाव, प्रत्येक लिंक वाचायची आणि लिहायची मुभा. आपल्या कॅलेंडरांत कुणाच्या मुलाखती आहेत, कोणाचं अप्रायझल आहे, कुठली कंपनी घ्यायची बोलणी चालली आहेत, हे सगळं असतं. सुरक्षा विभागाने सरसकट हो म्हणू नये हे बरोबरच आहे. मला खटकतं ते वेगळं. मंजुरी एकेकाच्या विनंतीवर, एकेका साहेबाच्या हुद्द्यावर दिली गेली. त्यामुळे काहींचं झूम जोडलेलं आहे, काहींचं नाही, काहींचं पासवर्ड बदलल्यावर गुपचूप तुटलं आणि त्यांना अजून पत्ता नाही. अशी जोडणी तुटली की ॲप दर वेळी ओरडून सांगतंच असं नाही, नोंदी यायच्या बंद होतात एवढंच. एक तर कंपनीपुरती मंजुरी द्या आणि कमीत कमी अधिकारांनिशी द्या, नाहीतर ठामपणे नाही म्हणा आणि झूमची लिंक इनव्हाइटमध्ये हाताने टाकायची रीत घालून द्या. दोन्ही चालेल. अधांतरी चालत नाही.

आता आमच्या सुनीताताईंची (नाव बदललंय) बाजू मांडते, कारण त्या स्वतः कधी तिकीट टाकणार नाहीत. त्या तीन संचालकांची कॅलेंडरं सांभाळतात. एका संचालकांचं खातं चार ठिकाणी उघडं : त्यांचा लॅपटॉप, त्यांचा आयफोन, टॅब, आणि ताईंचं मशीन. फोनवर तेच खातं दोनदा जोडलेलं, एकदा आउटलुकच्या ॲपमध्ये, एकदा फोनच्या स्वतःच्या कॅलेंडरात. निमंत्रण आलं की साहेब गाडीत बसल्या बसल्या फोनवर ॲक्सेप्ट करतात, तोवर ताईंनी वेळ जुळत नाही म्हणून नाकारलेलं असतं. समोरच्याला दोन उत्तरं जातात. कधी मीटिंग दुहेरी दिसते आणि एक काढावी म्हणून साहेब एक खोडतात, तर दोन्ही जातात, कारण ती मुळात एकच होती. दोष ताईंवर येतो. मायक्रोसॉफ्टचाच सल्ला आहे की प्रतिनिधी (दुसऱ्याचं कॅलेंडर सांभाळणारा) आणि मालक यांच्यापैकी निमंत्रणांना उत्तर एकानेच द्यावं, ते कुणी हे आपसात ठरवून घ्यावं. हे साहेबांना सांगायची ताईंची छाती होणार नाही. तुमच्या लेटरहेडवर एक परिपत्रक निघालं तर होईल.

फोनवरून आणखी एक. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर नवी नोंद टाकली की ती शेवटी निवडलेल्या किंवा मूळच्या खात्यात जाते, आणि ते खातं असतं घरचं जीमेल. म्हणजे क्लायंटची मीटिंग पोराच्या शाळेच्या पालकसभेशेजारी. ऑफिसच्या कॅलेंडरात ती वेळ मोकळी दिसते, कुणीतरी त्यावर दुसरं काही लावतं. फोन देताना पाच मिनिटांची सेटिंग आहे ती. जॉइनिंगच्या दिवशी लॅपटॉपबरोबर करून दिली तर पुढची कित्येक तिकिटं जन्मालाच येणार नाहीत.

सगळ्यात जास्त चीड आणणारा प्रकार भुतांचा.

गेल्या वर्षी एक डिलिव्हरी मॅनेजर नोकरी सोडून गेले. लॅपटॉप जमा झाला, आयडी कार्ड जमा झालं, पीएफचे कागद झाले, निरोपाला कचोरी-जिलेबी झाली. खातं दुसऱ्या दिवशी बंद. त्यांनी लावलेली दर सोमवारची अकराची मीटिंग मात्र आजही आमच्या कॅलेंडरात आहे. ‘सिंहगड’ ही सर्वात मोठी कॉन्फरन्स रूम दर सोमवारी अकरा ते साडेबारा बुक दिसते आणि आत दिवे बंद. मीटिंग रद्द करण्याचा अधिकार ऑर्गनायझरचा, आणि ऑर्गनायझर आता दुसऱ्या कंपनीत आहे. आम्ही आपापल्या नकला खोडल्या तरी रूमची नोंद तशीच. ज्यांनी खोडली नाही त्यांच्या फोनवर दर सोमवारी पावणेअकराला घंटा वाजते.

याला उपाय आहे, आणि तो तुमच्याच हाती आहे. एक्सचेंज ऑनलाइनमध्ये, म्हणजे आउटलुकचे मेल आणि कॅलेंडरं जिथे साठतात त्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेत, रिमूव्ह-कॅलेंडरइव्हेंट्स नावाची आज्ञा आहे. जाणाऱ्या माणसाने ऑर्गनायझर म्हणून लावलेल्या पुढच्या सगळ्या मीटिंगा ती रद्द करते, सर्वांना रद्द झाल्याचा निरोप जातो, रूमही सुटते. अट एकच : मेलबॉक्स उडवण्याआधी चालवायची. नंतर चालवायला काही उरत नाही. झूममध्येही एखाद्याचं खातं काढताना त्याच्या पुढच्या मीटिंगा दुसऱ्याच्या नावावर करायचा पर्याय ॲडमिनला मिळतो. एचआरच्या एक्झिट चेकलिस्टमध्ये लॅपटॉपचा चार्जर आणि कॅबचा पास आहे. त्याखाली ही एक ओळ वाढवा. आणि ज्या मीटिंगा चालू ठेवायच्या त्या नव्या मॅनेजरने आपल्या नावाने नव्याने लावाव्यात, जुनी मालिका ओढत नेऊ नये. अशा जुन्या मालिकेत मधल्या एखाद्या दिवसाची वेळ वेगळी केलेली असते, आणि मग कुणी पूर्ण मालिकेची वेळ हलवली की आउटलुक ते मधले अपवाद पुसून टाकतं. दिवाळीच्या आठवड्यात पुढे ढकललेली मीटिंग पुन्हा पाडव्याच्या सकाळी येऊन बसते ती अशी.

तर मागणं काय?

आधी निर्णय द्या. आउटलुक-एक्सचेंज हे मुख्य कॅलेंडर ठरवा किंवा गूगल ठरवा, मला दोन्हीचं सारखंच कौतुक आहे आणि दोन्हीचा सारखाच वैताग. जे ठरेल तिथेच मीटिंगा जन्माला याव्यात. बाणेरच्या मेलबॉक्स हलवायला वेळ लागणार असेल तर तोवर दोन्हीकडची मोकळी-व्यस्त वेळ एकमेकांना दिसेल अशी सोय करा. गूगल वर्कस्पेसमध्ये एक्सचेंजबरोबर त्यासाठीच कॅलेंडर इंटरॉप आहे. ते ॲडमिन कन्सोलमधून लावावं लागतं, आम्हाला ते दिसतही नाही. ते लागलं की हाताने नोंदी टाकायचं मुख्य कारणच संपतं, कारण आम्ही त्या टाकतो त्या बव्हंशी ‘समोरचा मोकळा आहे का’ हे कळावं म्हणून.

दुसरं, हे करताना जुन्या वायरिंगकडे लक्ष असू द्या. एक्सचेंज ऑनलाइनने ऑक्टोबर २०२२ पासून निव्वळ युजरनेम-पासवर्डवर चालणारा जुना प्रवेश बंद करायला घेतला, तेव्हा जगभर जुनी उपकरणं आणि जुनी प्लग-इन अचानक मुकी झाली. आता एक्सचेंज वेब सर्व्हिसेस या दुसऱ्या जुन्या मार्गाची पाळी आहे, ज्यातून बाहेरची साधनं कॅलेंडरात शिरतात. तो एक्सचेंज ऑनलाइनमध्ये ऑक्टोबर २०२६ पासून बंद होणार, हे मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्येच जाहीर केलं आहे. आपल्याकडे रूमबाहेरचे टॅब, रिसेप्शनचं व्हिजिटर ॲप, झूमचं जुनं प्लग-इन, बुकिंगचं ॲड-इन यातलं काय काय त्या मार्गावर उभं आहे, याची यादी करायला हवी. ती यादी करणं हेल्पडेस्कच्या तिकिटात बसत नाही. त्यासाठी माणूस आणि वेळ द्यावा लागेल, आणि तो संचालकांनी द्यायचा आहे.

तिसरं, तिकिटाचा फॉर्म बदला. आज त्यात मशीनचा नंबर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि ‘तातडी किती’ एवढंच विचारतात. तातडी सगळेच ‘हाय’ लिहितात. त्याऐवजी विचारा : मीटिंग कुणी लावली, कोणत्या ॲपमध्ये लावली, तुमच्याकडे ती निमंत्रणाने आली की लिंकने की तुम्ही स्वतः टाकलीत, आणि वेळेत फरक किती. एवढं भरून आलं की तुमच्यातला नवखा मुलगाही फोन न करता निम्मी उत्तरं देऊ शकेल. बाकीच्या निम्म्यांत त्याला कळेल की हे आपल्या हातातलं नाही, वर पाठवायला हवं. आणि वर गेलेलं तिकीट ‘युजरकडून खात्री केली’ म्हणून बंद होऊ नये. परवा माझ्याकडून खात्री केली गेली तेव्हा मी लिफ्टमध्ये होते.

‘एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं मोठं पत्र?’ असं कुणीतरी म्हणेल, बहुधा ज्यांचं कॅलेंडर दुसरं कुणी सांभाळतं ते. त्यांना एवढंच विचारते की क्लायंटच्या कॉलवर ‘आमच्याकडे सिंकचा इश्यू आहे’ हे वाक्य शेवटचं कधी ऐकलंत, आणि त्यावर क्लायंट काय म्हणाला.

युरोपची घड्याळं यंदा २५ ऑक्टोबरला मागे जातील, अमेरिकेची १ नोव्हेंबरला. मधल्या आठवड्यात स्टुटगार्ट आणि शिकागो यांच्यातलं अंतर पुन्हा एका तासाने बदलेल. तोवरचा वेळ निर्णयाला, इंटरॉप लावायला आणि सिंहगड रूम सोडवायला पुरेसा आहे असं मला वाटतं. नसेल तर किती लागेल ते कळवा, म्हणजे आम्ही त्या आठवड्यातल्या मीटिंगा आत्ताच फोनवरून ठरवून ठेवू. बाणेरच्या कोऑर्डिनेटरशी माझं बोलणं झालंय, त्यांचीही याला संमती आहे आणि पाठपुराव्याला आम्ही दोघी येऊ.

उत्तर मेलने पाठवलंत तरी चालेल. मीटिंग लावणार असाल तर कृपया आउटलुकमधून लावा आणि बाणेरला मिळाली का, ते फोन करून विचारा.

कळावे,
आपली,
एक प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर, पुणे